फायबरच्या जुन्या गाडीचा तळ

प्रति,
माननीय संपादक,

विषय : फायबरग्लासच्या जुन्या मोटारींच्या तळाचे रस्त्यावरील माऱ्यापासून संरक्षण

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात जुन्या मोटारींविषयी अधूनमधून जे लेख प्रसिद्ध होतात, ते मी आवडीने वाचतो आणि कात्रणे काढून ठेवतो. फायबरग्लासच्या गाड्यांचा विषय निघाला की अशा लेखांत आणि एरवीच्या गप्पांतही एक वाक्य हमखास येते, ते म्हणजे या गाड्यांना गंज लागत नाही. वाक्य खोटे नाही, परंतु त्यातून गाडीमालक जो अर्थ काढतात तो गाडीच्या मुळावर येतो. गंज नाही म्हणजे खालून काहीच करायला नको, आणि करायचेच असेल तर कुठेही काळे कोटिंग मारून घेतले की भागते, असा समज मालकांमध्ये आणि अनेक गॅरेजांमध्येही घट्ट बसला आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगर भागात अशा गाड्या लिफ्टवर चढवलेल्या पाहण्याची संधी मला वारंवार मिळते. वरून नव्यासारखी दिसणारी गाडी खालून किती खंगलेली असू शकते हे त्या वेळी समजते, आणि म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे फायबरची गाडी म्हटले की प्रथम आठवते ती बंगळुरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन. त्याआधी याच उद्योगाने ‘बादल’ नावाची छोटी गाडी फायबरच्या बॉडीत काढली होती आणि तिला सुरुवातीला तीनच चाके होती. १९८२ मध्ये आलेली डॉल्फिन ही इंग्लंडमधील टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीच्या ‘किटन’ या गाडीवर बेतलेली होती. ८४८ सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन पुढे, चाल मागच्या चाकांना, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), खाली पोलादी चासी म्हणजे भार वाहणारा सांगाडा आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली फायबरची बॉडी, अशी तिची रचना. वजनाला हलकी असल्यामुळे १९८० च्या दशकात चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत आणि रॅलींत तिने नाव कमावले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि बाजार फिरला. पुढे सिपानीचीच मोन्टाना आली, तरी गेलेले गिऱ्हाईक परतले नाही. त्या गाड्यांबरोबर फायबरची बॉडी जाणणारे कारागीरही कमी होत गेले. आजचा उत्तम डेंटरसुद्धा पत्र्यावर तयार झालेला असतो आणि फायबरची गाडी समोर आली तरी तो पत्र्याचेच उपाय करतो.

ही रचना एकट्या डॉल्फिनची नाही. १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी फायबरची असली तरी तिचा सांगाडा पोलादीच होता. १९५७ मध्ये दाखवलेल्या लोटस एलिटमध्ये सांगाडा आणि बॉडी दोन्ही फायबरचीच करण्याचा धाडसी प्रयोग झाला, पण त्याच कंपनीने १९६२ च्या इलानसाठी पुन्हा पोलादी कणा वापरला. म्हणजे फायबरची म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचा भार पोलादच वाहते. तळाचे संरक्षण करायचे असेल तर तिथे दोन वेगळे पदार्थ आहेत, त्यांची दुखणी वेगळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

पोलादापासून सुरुवात करतो, कारण गाड्या बहुधा तिथेच संपतात. पत्र्याच्या बॉडीची गाडी गंजू लागली की दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या काठाला रंग फुगतो आणि मालक सावध होतो. फायबरच्या गाडीत ही आगाऊ सूचना मिळतच नाही. चाकांनी उडवलेला चिखल चासीच्या वरच्या अंगावर, बॉडी आणि चासी यांच्यामधल्या अरुंद फटीत जाऊन बसतो. वर फायबरचे छत असल्याने तिथे ना ऊन पोहोचते ना वारा, आणि आपल्या भागातील पाऊस पाहता तो चिखल कित्येक महिने ओलाच राहतो. ज्या रबरी पॅकिंगवर बॉडी टेकलेली असते ती पाणी धरून ठेवतात, बोल्ट गंजून जाम होतात, चासी आणि बॉडी यांची हालचाल जुळेनाशी होते आणि मग बोल्टाभोवतीचे फायबरचे भोक रुंदावत जाते. एका डॉल्फिनच्या मागच्या पाट्याच्या हँगरजवळची वाळलेली माती खरवडताना मी पाहिली आहे. मातीबरोबर चासीचे पापुद्रे सुटून हातात येत होते आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक फारसा जोर न लावता आत शिरत होते. त्याच गाडीचा रंग मात्र शोरूममधून आणल्यासारखा होता आणि तिच्या मालकांना गाडीची प्रकृती उत्तम आहे असेच मनापासून वाटत होते.

आता फायबरकडे वळतो. मोटारीचा फायबरचा भाग साच्यात घडवला जातो. साच्याला लागणाऱ्या बाजूवर आधी जेलकोटचा गुळगुळीत थर देतात आणि त्यावर रेझिनमध्ये, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवलेली काचतंतूंची मॅट चढवतात. त्यामुळे जेलकोटची गुळगुळीत बाजू बाहेर येते, तर रस्त्याकडे तोंड करून असलेली आतली बाजू खरखरीत आणि उघडी राहते. चाकाने उडवलेला खडा मडगार्डच्या या आतल्या बाजूवर आपटला की तिथे किरकोळ ओरखडा दिसतो, पण फायबर क्षणभर बाहेरच्या दिशेला वाकते आणि त्या ताणाने बाहेरचा कडक जेलकोट तडकतो. उजेड तिरका धरून मागच्या चाकावरचा भाग न्याहाळला तर रंगाखाली एका ठिपक्यापासून चहूकडे गेलेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा दिसतात. पेंटर तिथे पुटी भरतो, रंग मारतो आणि काही महिन्यांत भेगा पुन्हा वर येतात, कारण खड्यांचा मारा आतून चालूच असतो. आतल्या बाजूचे रेझिन झिजून तंतू उघडे पडले की पाणी त्या तंतूंच्या कडेकडेने आत झिरपते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि तो भाग नखाने किंवा नाण्याने ठोकला तर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. गंज लागत नाही हे खरे, पण फायबर खराब होते, आणि त्याला हात लावल्याशिवाय किंवा ठोकून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

या दोन्हींवर सर्रास जो उपाय होतो तो म्हणजे डांबरी अंडरकोटिंगचा जाड थर. या उपायाबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. चिखल पूर्ण न काढता, ओल न वाळवता, गंज न घासता मारलेले कोटिंग ओलीला आत कोंडते. डांबरी थर काही वर्षांनी कडक होतो, त्याला तडे जातात, त्या तड्यांतून पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट उरत नाही. वरून सगळे काळेभोर आणि एकसंध दिसत असल्याने तपासणाऱ्यालाही आतले काही कळत नाही. फायबरवर तर आणखी एक अडचण होते. डांबराचा अंश तंतूंमध्ये मुरला की पुढे कधी त्या जागी मॅट बसवायची वेळ आल्यास नवे रेझिन तिथे धरत नाही आणि तो भाग पुष्कळ खोलवर घासून काढावा लागतो. असा जुना थर काढण्यासाठी काही जण पत्र्यावर वापरतात ते पेंट रिमूव्हर लावतात किंवा गॅसची ज्योत फिरवतात. रिमूव्हर रेझिनलाच खातो आणि साधारण प्रतीचे पॉलिएस्टर रेझिन तर शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागते, तिथे ज्योतीचा प्रश्नच येत नाही. सँड ब्लास्टिंग, म्हणजे दाबाने वाळू मारून घासणे, हेही फायबरवर करू नये. पटाशीने, खरवडणीने, चिकाटीने हाताने काढणे हाच त्यावर मार्ग आहे आणि त्याची मजुरी मालकाने कुरकुर न करता द्यावी.

फायबरच्या तळाची योग्य निगा कशी राखावी याचे ज्ञान आपल्या राज्यात नाही असे मुळीच नाही. ते कोकणच्या किनाऱ्यावर आहे. रत्नागिरी-मालवणकडे आणि पुढे गोव्यात मासेमारीच्या फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर हेच रेझिन आणि हीच मॅट रोज हाताळतात, आणि पाणी फायबरमध्ये कसे शिरते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? डॉल्फिनवाल्यांनी कोटिंगच्या दुकानात जाण्याआधी अशा कारागिराला गाडी दाखवावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांची पद्धत सरळ आहे. तळ हलक्या दाबाच्या पाण्याने धुवायचा. जोराचा फवारा उघड्या तंतूंवर धरला तर पाणी आणखी आत जाते. मग तो आठवडाभर तरी कोरड्या हवेत वाळू द्यायचा. भेग किंवा सुटलेला थर चांगले फायबर लागेपर्यंत कडा उतरत्या ठेवून घासायचा आणि ॲसिटोनने पुसायचा. घासताना तोंडाला चांगला मास्क आणि अंगभर कपडे हवेत, कारण काचेची धूळ छातीला आणि कातडीला वाईट. त्यावर चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे एक-दोन थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे आणि रोलरने हवा पूर्ण काढायची. अडकलेली हवा म्हणजे पुढे पाणी साठण्याची जागा. रेझिन कडक करणारा हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला दहा ते वीस ग्रॅम, आणि तो अंदाजाने न ओतता मोजून घालावा. ज्या रेझिनला ॲक्सिलरेटर (कडक होण्याचा वेग वाढवणारे रसायन) वेगळा मिसळावा लागतो तिथे तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावा आणि हार्डनर नंतर घालावा; ही दोन रसायने एकमेकांत थेट मिसळली तर भडका उडतो. शेवटचा थर मेण मिसळलेल्या जेलकोटचा द्यावा, नाहीतर हवेच्या संपर्काने पृष्ठभाग चिकटच राहतो. बारीक भेगांना एपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचे रेझिनही उत्तम धरते, मात्र त्यावर पुन्हा पॉलिएस्टर चढवू नये.

तळ असा बंद झाल्यावरच खड्यांचा विचार करावा. त्यासाठी रबरासारखा लवचीक राहणारा, रंग बसू शकेल असा पातळ स्टोन-चिप थर चाकांच्या वरच्या भागात पुरतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे आतले लायनर. प्लास्टिकचे किंवा पातळ फायबरचे हे लायनर मडगार्डपासून बोटभर अंतर सोडून बसवावेत आणि खालच्या कडेला पाणी निथळायला फट ठेवावी. खडा लायनरवर आपटतो आणि मडगार्डपर्यंत धक्का पोहोचत नाही. नव्या गाड्यांत हे लायनर कारखान्यातूनच येतात, तेव्हा जुन्या गाडीत ते बसवल्याने तिच्या अस्सलपणाला बाधा येते हा आक्षेप मला मान्य नाही. काढता येण्याजोग्या भागाने मूळ बॉडी वाचत असेल तर तो अस्सलपणाचाच सांभाळ आहे. मड फ्लॅप चारही चाकांना असावेत.

चासीसाठी सर्वांत चांगला मार्ग म्हणजे बॉडी उतरवून काम करणे. ऐकायला हे मोठे वाटते, परंतु ही बॉडी बोल्टने बसवलेली आणि हलकी असते, आणि वायरिंग, स्टिअरिंग, पेडल व पाइप नीट सोडवले तर काही माणसांनी ती उचलता येते. मग चासी ब्लास्ट करून, गंजलेले भाग कापून नवे जोडून, एपॉक्सी प्रायमर आणि रंग द्यावा. पोकळ भागांत छिद्रातून पातळ मेणयुक्त गंजरोधक सोडावे. ते कडक होत नाही, ओरखडा आला तरी पसरून जागा झाकते आणि दर वर्षी थोडे पुन्हा मारता येते. गरम जस्ताच्या कुंडात बुडवून गॅल्व्हनाइझ करणे हाही टिकाऊ पर्याय आहे, मात्र ते जस्त सुमारे ४५० अंशांवर असते, बंद पोकळ्यांना हवा जाण्यासाठी भोके नसतील तर धोका होतो आणि पातळ चासी वाकूही शकते. त्यामुळे अनुभवी ठिकाणीच ते करावे. बॉडी उतरवणे शक्य नसेल त्यांनी निदान आरसा आणि टॉर्च घेऊन चासीचे वरचे अंग पाहावे आणि तिथला चिखल वाकडी सळई व पाण्याने दर पावसाळ्यानंतर काढावा. एवढे काम फुकटात होते.

एक गोष्ट मात्र गॅरेजमध्ये हमखास सुटते. फायबरमधून वीज वाहत नसल्याने या गाड्यांत दिवे, हॉर्न, पंखा यांच्या अर्थच्या (विजेला परतीची वाट देणाऱ्या) वायरी वेगळ्या ओढून चासीला बोल्टने जोडलेल्या असतात. या जोडांवर रंग किंवा कोटिंग बसले की दिवे मंद होतात, इंडिकेटर अडखळतो, आणि मग वायरमन सगळे वायरिंग उसवत बसतो. काम सुरू करण्यापूर्वी हे जोड शोधून त्यांवर टेप लावावी, नंतर ते घासून स्वच्छ करून त्यांना व्हॅसलीन लावावे. ब्रेकचे पाइप, रबरी बुश, हँडब्रेकची केबल आणि प्रोपेलर शाफ्ट यांवरही कोटिंग येता कामा नये. ब्रेकचा पाइप काळ्या थराखाली गंजत असेल तर तो फुटेपर्यंत कळत नाही. सायलेन्सरच्या वरचा फायबरचा भाग उष्णतेने करपतो, म्हणून तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा मधे हवेची जागा ठेवून बसवावा. जॅक नेहमी चासीला लावावा. फायबरच्या फ्लोअरला लावलेला जॅक एका क्षणात भोक पाडतो.

चेंबर गार्ड, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरखालचे संरक्षक कवच, याबद्दलही असेच सांगावेसे वाटते. गार्ड लावावा, पण तो चासीला बोल्ट करावा, इंजिनला किंवा बॉडीला नाही, आणि त्याला हवा जायला व ऑइल काढायला पुरेशी भोके असावीत. त्याआधी मागचे पाटे तपासावेत. पुष्कळ डॉल्फिन खाली घासतात त्या गाडी मुळात बुटकी म्हणून नव्हे, तर जुने पाटे बसल्यामुळे. पाटे कमानीत घालून घेतले किंवा बदलले, शॉकअप नवे टाकले की गाडी मूळ उंचीवर येते आणि खाली बसणारे अर्धे फटके तिथेच थांबतात. गतिरोधकावर गाडी तिरकी घालण्याची पुष्कळांना सवय असते. जुन्या चासीला त्याने पीळ बसतो आणि तो पीळ फायबरमध्ये बोल्टांच्या भोकांपाशी व दाराच्या कोपऱ्यांत भेगा होऊन उतरतो, तेव्हा गाडी सरळ आणि अगदी सावकाश न्यावी हे बरे.

गतिरोधकांचा विषय निघालाच आहे म्हणून नगरपालिका, महानगरपालिका आणि ग्रामपंचायतींनाही विनंती करतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक तत्त्वांत ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असे सांगितले होते. अशा गतिरोधकावरून डॉल्फिनच काय, कोणतीही छोटी गाडी सहज जाते, कारण चढ-उतार पसरट असतो. प्रत्यक्षात गल्लोगल्ली डांबराचे किंवा सिमेंटचे जे अरुंद, उंच ढीग घातले जातात त्यांवर दोन्ही आसांच्या मधला भाग टेकतो आणि चासी, सायलेन्सर किंवा चेंबर घासल्याशिवाय राहत नाही. रस्त्यावर ठिगळ लावल्यानंतर सुटी बारीक खडी तशीच टाकून जाण्याची कंत्राटदारांची पद्धतही थांबली पाहिजे. मी वर ज्या भेगांचे वर्णन केले त्या याच खडीने पडतात. काम संपल्यावर ती झाडून नेणे कंत्राटाच्या अटीतच असावे आणि बिल मंजूर करण्यापूर्वी संबंधित अभियंत्याने ते पाहावे.

या गाड्यांना कायद्याचेही अजून विशेष पाठबळ नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. १९८२ ची डॉल्फिन तिथवर पोहोचायला २०३२ उजाडेल. तोपर्यंत तिला नेहमीच्या गाडीसारखीच पुनर्नोंदणी करून, तपासणीला सामोरे जात दिवस काढायचे आहेत, आणि तपासणीत फायबरच्या चकचकीत बॉडीला कोणी विचारत नाही. चासी कुजलेली निघाली तर गाडी भंगारात जाते. नव्या चासी बाजारात मिळत नाहीत. एकदा गेलेली गाडी परत येणार नाही, म्हणून ही कळकळ.

शेवटी कामाच्या हंगामाविषयी सांगतो, कारण बहुतेक जण तिथे चुकतात. पावसाळा तोंडावर आला की मे महिन्याच्या अखेरीस घाईने कोटिंग करून घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्या वेळी दमट हवेत फायबर पूर्ण वाळत नाही, रेझिन नीट धरत नाही आणि कारागिरांकडेही गर्दी असते. पाऊस संपल्यावर दसऱ्याच्या सुमारास तळ धुऊन चिखल काढावा, महिनाभर गाडी वाळू द्यावी, आणि फायबरचे व चासीचे मूळ काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत करून घ्यावे. मे महिन्यात मग मेणाचा एक हात मारणे, लायनरच्या फटी मोकळ्या करणे आणि अर्थचे जोड तपासणे एवढेच उरते. ज्या वाचकांकडे अशी गाडी आहे त्यांनी या वर्षी निदान चासीचे वरचे अंग एकदा आरशात पाहावे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मोटार दुरुस्तीच्या अभ्यासक्रमात फायबरच्या कामाचे चार धडे घालता येतील का, याचा विचार करावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर